खिडकी उघडी ठेवावी की बंद?

ग्वाल्हेरीच्या हवेची कीर्ती काही फारशी चांगली नाही. वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंश ओलांडतो, पौष-माघातल्या रात्री तो ५ अंशांच्याही खाली उतरतो, आणि मधल्या पावसाळ्यात अंगाला चिकटणारा असा काही उकाडा होतो की वैशाख बरा वाटावा. पुण्या-मुंबईहून लग्न होऊन येथे आलेल्या सुना पहिल्या वर्षी रडकुंडीस येतात आणि तिसऱ्या वर्षी माहेरी गेल्या की तिथल्या दमट हवेला नावे ठेवू लागतात. माणूस कशालाही सरावतो. परंतु सरावलेला माणूस विचार करीत नाही, आणि घर गरम वा गार ठेवण्याच्या बाबतीत हा अविचार कधी कधी जिवावर बेततो. आमच्या घरी तो तसा बेतला होता, म्हणून हा लेखनप्रपंच.

दौलतराव शिंद्यांची छावणी येथे १८१० च्या सुमारास स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. तेव्हा आलेल्या आपल्या पूर्वजांनी घरे बांधली ती इथल्या हवेला धरून: हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती, वर दगडी पटियांचे छत, मध्ये चौक. उन्हाळ्यात सकाळी आठाच्या आत दारे-खिडक्या बंद होत, वाळ्याच्या टट्ट्यांवर पाणी शिंपडले जाई, आणि सूर्य मावळला की सारे घर सताड उघडून मंडळी अंथरुणे घेऊन गच्चीवर जात. थंडीत शेगडी पेटे. पण ती पेटे ओसरीवर वा चौकात, आणि ज्या खोल्यांत ती नेली जाई त्या खोल्यांची दारे अशी की दोन फळ्यांमधून बोट जावे. खिडकी केव्हा उघडायची आणि केव्हा लावायची, याचे शास्त्र कोणी शिकवीत नसे. ते घराच्या दिनक्रमातच होते.

आमच्या वाड्याचा मागचा भाग पाडून आम्ही सिमेंटच्या चार खोल्या बांधल्या. घट्ट बसणाऱ्या काचेच्या खिडक्या, खाली पट्टी लावलेली दारे. वाऱ्याची झुळूकही आत येऊ नये असे चोख काम. त्यांतली तळमजल्यावरची खोली आमच्या आत्याबाईंना दिली. शेगडीची सवय मात्र जुन्या वाड्यातलीच राहिली.

गोष्ट २०१८ च्या जानेवारीतली. आठवडाभर दाट धुके होते. आत्याबाईंचे वय तेव्हा ८४. रोज संध्याकाळी लोखंडी शेगडीत लाकडी कोळसा फुलवून ती त्यांच्या खोलीत ठेवली जाई. तीन-चार दिवस त्या सकाळी डोके दुखते, मळमळते असे म्हणत होत्या. आम्ही ते पित्तावर घातले आणि सुंठ-साखर दिली. विशेष म्हणजे उन्हात चौकात येऊन बसल्या की दुपारपर्यंत त्यांना बरे वाटे. ही खूण होती, पण ती आम्हाला वाचता आली नाही. सौभाग्यवतीने एकदा शेगडी बाहेर काढू का म्हणून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, धूर कुठंय? निखारा झालाय सगळा. राहू दे." दाराखालून गारठा येतो म्हणून त्यांनी तिथे जुनी घोंगडीही दाबून बसवली होती.

त्या रात्री तीनच्या सुमारास सौभाग्यवती पाणी प्यायला उठली आणि सहज डोकावायला गेली, म्हणून आत्याबाई आज आहेत. हाका मारून त्या उठेनात. इस्पितळात नेल्यावर डॉक्टरांनी बाकी काही विचारण्याआधी एकच प्रश्न केला: "खिडकी उघडी होती का?" कित्येक तास नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. त्या वाचल्या, पण पुढे महिनाभर त्यांना घरातल्या मुलांची नावे आठवत नसत, आणि ते पाहताना मला माझी मान वर करवत नसे. मी जन्मभर विजेच्या खात्यात नोकरी केली. ज्वलनाला हवा लागते हे मला काय ठाऊक नव्हते?

कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. प्रथम डोके दुखते, मग मळमळ, भोवळ, आणि मग झोप. ती झोप गोड वाटते हेच तिचे भय. आत्याबाईंचा 'धूर कुठंय' हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे. धूर गेला म्हणजे विष गेले असे नव्हे; लालबुंद, धूररहित निखाराच हा वायू भरपूर सोडतो. शेगडीजवळ पाण्याचे पातेले ठेवले की बाधा होत नाही, अशीही आपल्याकडे समजूत आहे. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पातेल्यातले पाणी कोमट होईल, एवढाच त्याचा उपयोग. बंद न्हाणीघरात लावलेल्या गॅस गीझरचीही हीच कथा आहे. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि पाणी नळाने आत आणावे. या वायूची सूचना देणारी विजेरीवर चालणारी छोटी घंटा आता बाजारात मिळते. ज्यांच्या घरी काहीही जळते त्यांनी ती झोपायच्या खोलीत अवश्य लावावी. तरीही निखारा झोपायच्या खोलीत ठेवून निजू नये, खिडकी उघडी असली तरी.

मग ऊब आणायची कोठून? आम्ही दुकानांतून पुष्कळ हिंडलो. सळईचा हीटर, हॅलोजनचा हीटर, ब्लोअर, आणि तेल भरलेला, पन्हाळी पत्र्यासारख्या पात्यांचा रेडिएटर, असे नाना प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा विक्रेता आपलाच कमी विजेत जास्त ऊब देतो असे सांगतो. वस्तुतः १ युनिट विजेपासून या सर्वांना मिळते ती १ युनिटचीच उष्णता. फरक असतो तो ती देण्याच्या रीतीत. सळई समोर बसलेल्या माणसाला तापवते, खोलीला नाही. ब्लोअर लवकर ऊब आणतो, पण आवाज करतो आणि बंद करताच खोली पुन्हा गार. तेलाचा रेडिएटर तापायला अर्धा-पाऊण तास घेतो, परंतु तांबडे उघडे काही नसल्याने अंथरुणाजवळ त्यातल्या त्यात तोच निर्धोक. 'हा हीटर प्राणवायू जाळत नाही' असे छापून महाग विकलेला माल पाहून मला हसू आले. विजेचा कोणताच हीटर प्राणवायू जाळत नाही, कारण त्यात काही जळतच नसते. २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो. तो दिव्याच्या लहान प्लगला, त्यातही लांबणीच्या वायरीवर लावला तर प्लग वितळतो. त्याला १६ अँपिअरचाच प्लग हवा.

याहून शहाणा मार्ग उशिरा सापडला. गरम आणि थंड अशी दोन्ही कामे करणारे वातानुकूलन यंत्र मिळते. उन्हाळ्यात ते खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकते, थंडीत तेच चक्र उलटे फिरवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणते. ५ अंशांच्या हवेतही उष्णता असते, ती कमी असते इतकेच. येथे वीज उष्णता 'निर्माण' करीत नाही, नुसती वाहून आणते. म्हणून १ युनिट विजेत साधारण ३ युनिटांइतकी ऊब खोलीत येते. धुक्याच्या रात्री बाहेरच्या भागावर हिम धरते आणि ते वितळवण्यासाठी यंत्र पाच-दहा मिनिटे ऊब थांबवते. तो बिघाड समजून मिस्त्रीला बोलावू नये. गरम हवा वर चढते, म्हणून झडपेचे तोंड खाली करावे. जुन्या वाड्यातल्या चौदा फुटी उंचीच्या माजघरात मात्र हा सारा खटाटोप छत तापवण्यापुरताच होतो. तिथे खोली तापवण्याचा नाद सोडून माणूस तापवावा: दुलई, पायमोजे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमच्या घरी दुसरे नाटक झाले. जानेवारीत खिडकीने आम्हाला धडा शिकवला होताच. पण कूलर लावल्यावर 'गारवा बाहेर जाईल' म्हणून आम्हीच आत्याबाईंच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. दोन तासांत अंथरूण ओलसर, पापड सादळलेले आणि आत्याबाई घामाघूम. कूलर खराब आहे असे ठरवून आम्ही नवा आणण्याच्या तयारीत होतो.

कूलर म्हणजे वाळ्याच्या टट्टीलाच लावलेला पंखा. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषून घेते. १ लिटर पाणी आटताना सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता ओढते. ताशी ५ लिटर पाणी आटवणारा कूलर त्यातून जाणाऱ्या हवेची जवळजवळ एका टनाच्या एसीइतकी उष्णता घेतो, आणि तेही पंखा व पंप मिळून एक-दोन मोठ्या बल्बांच्या विजेत. मात्र त्याला कोरडी हवा सतत मिळाली पाहिजे आणि ओली झालेली हवा सतत बाहेर गेली पाहिजे. म्हणून कूलर खिडकीत, बाहेर तोंड काढून बसवावा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवावी. आम्ही ती उघडताच तोच 'खराब' कूलर पहिल्याप्रमाणे चालू लागला. मे महिन्यात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना पाण्याने हवा फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला कूलर २७-२८ पर्यंत आणतो. जुलैत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली की ती मर्यादाच २९ वर येते. मग कितीही मोठा कूलर घ्या, तो ओला पंखाच. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद येथील वाचकांना कूलर उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने उत्तम. गोव्यातील वाचकांनी त्याच्या वाटेस जाऊ नये.

कूलरची निगा म्हणजे पाणी आणि वीज यांची निगा. आपल्याकडचे पाणी जड. त्याचा पांढरा थर घासावर बसला की हवा जाईना होते. म्हणून लाकडी तंतूंचा घास दर वर्षी होळीनंतर बदलावा. मधाच्या पोळ्यासारखे नवे पुठ्ठे अधिक टिकतात, पण त्यांनाही धुणे चुकत नाही. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून ब्रशने खरवडावी. नुसते पाणी ओतून चालत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेशी भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनेमहिने जिवंत राहतात. आणि पत्र्याचा कूलर, ओली फरशी व अनवाणी पाय ही त्रयी एकत्र आली की काय होते ते मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे. त्याचे वर्णन करीत नाही. तीन पायांचा प्लग, खरे अर्थिंग आणि घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक स्विच, या तीन गोष्टींवर काटकसर करू नये. पाणी भरताना प्लग काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. घरातल्या गड्याला आणि मुलांनाही हे सांगून ठेवावे.

आता एसीविषयी. हे यंत्र माणसांसाठी जन्मलेच नव्हते. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यातला कागद दमट हवेने फुगू नये म्हणून ते योजले. आर्द्रता काढून टाकणे हे त्याचे मूळ काम आणि पावसाळ्यात ग्वाल्हेरकराला हवे असते तेही तेच. 'टन' हा शब्द बर्फावरून आला: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी ही क्षमता. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या, वर मजला असलेल्या खोलीला १ टन पुरतो. तीच खोली गच्चीखाली आणि पश्चिमेची असली तर दीड लागतो. येथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. यंत्रावर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. बाहेर ४५ असताना, म्हणजे नेमकी गरज असताना, ती घटते. म्हणून ग्वाल्हेरीत काठावरचे माप घेऊ नये. तसेच उगाच दुप्पटही घेऊ नये; जुन्या पद्धतीचे अतिमोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते आणि ओल तशीच राहते. वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रात हा दोष पुष्कळ कमी.

ताऱ्यांचे लेबल पाहावे, पण केवळ तारे मोजू नयेत. ताऱ्यांचे कोष्टक दर काही वर्षांनी कडक होते आणि कालचे पाच तारे आज चार ठरतात. लेबलावर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तासांच्या वापरावर धरलेले. दोन यंत्रांची तुलना त्या आकड्याने करावी. २०२० पासून नवी यंत्रे सुरू करताच २४ अंशांवर येतात, ते उगाच नव्हे. एकेक अंश वर ठेवण्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि २६ अंशांवर छताचा पंखा मंद लावला तर आत्याबाईंना १८ अंशांच्या खोलीपेक्षा शांत झोप लागते, हा आमचा अनुभव.

निगेच्या बाबतीत एका वाक्यापासून सावध राहावे. ते वाक्य म्हणजे, "गॅस कमी झालाय, भरून देतो." आमच्याकडे एका मिस्त्रीने सलग तीन उन्हाळे हे वाक्य उच्चारले आणि तीनदा पैसे नेले. एसीतला वायू स्वयंपाकाच्या गॅससारखा खर्च होत नाही. तो बंद नळीत फिरतो आणि यंत्राच्या आयुष्यभर पुरावा अशीच त्याची योजना असते. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने ती शोधावी, सांधा दुरुस्त करावा, पंपाने नळीतली हवा व ओल पूर्ण खेचून काढावी आणि मग बाहेरच्या भागावरील पट्टीवर जितके ग्रॅम लिहिले आहेत तितका वायू काट्यावर तोलून भरावा. चौथ्या वर्षी दुसऱ्या मिस्त्रीने असे केले तेव्हा नळीचा एक सैल सांधा निघाला; त्यानंतर वायू भरावा लागलेला नाही. नव्या यंत्रांतला आर-३२ हा वायू थोडाफार ज्वलनशील आहे आणि काहींतला आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन. म्हणून हे काम शिकलेल्या माणसाचेच. आपल्या हाती असलेले काम सोपे आहे: आतली जाळी दर पंधरवड्याने धुणे, आणि आंधी येऊन गेल्यावर लगेच. आतून पाणी टपकू लागले तर बहुधा निचऱ्याची नळी तुंबलेली असते. बाहेरच्या भागाला सावली द्यावी, पण भोवती सामान रचू नये. त्याने टाकलेली गरम हवा त्यालाच परत मिळाली तर ते गुदमरते.

एसीची खिडकी बंदच हवी, हे खरे. तरी भिंतीवरचा नेहमीचा एसी बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. तीच हवा फिरवून गार करतो. रात्रभर चार माणसे निजली की पहाटे डोके जड होते ते यामुळे. उठल्याबरोबर सारी दारे-खिडक्या अर्धा तास उघडावीत. आणि एसीसाठी घट्ट केलेल्या खोलीत थंडीत कोणी शेगडी नेणार नाही, याकडे घरातल्या कर्त्या माणसाने डोळ्यांत तेल घालून पाहावे. जुन्या फटीच्या दारांनी ज्यांना वाचवले, त्यांना नवी दारे वाचवणार नाहीत.

यंत्राला हात घालण्याआधी गच्चीला हात घालणे स्वस्त पडते. आम्ही गेल्या चार वर्षांत दर फाल्गुनात वरच्या गच्चीला पांढरा चुना काढतो. त्याने वरच्या खोल्यांत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि छत रात्री उशिरापर्यंत भट्टीसारखे धगधगत नाही. तेलंगण राज्याने २०२३ साली अशा थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. हैदराबादच्या वाचकांनी चौकशी करावी. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून वाळ्याची वा बांबूची चीक सोडावी, कारण ऊन काचेच्या आत आले की ते आतलेच होऊन बसते.

आत्याबाई आता ९० पार केलेल्या आहेत. त्यांच्या खोलीत गरम-थंड एसी आहे, मे-जूनसाठी खिडकीत कूलर आहे आणि दारावर ती वायूची घंटा आहे, जिला त्या 'चिमणी' म्हणतात. दाराखालची पट्टी आम्ही काढून टाकली. लोखंडी शेगडी मोडीत द्यायची असे मी ठरवले होते, पण त्यांनी ती देऊ दिली नाही. ती चौकात असते. पौषात संध्याकाळी तिच्यावर भरताची वांगी भाजली जातात आणि आत्याबाई शाल गुंडाळून, उघड्या आभाळाखाली, तिच्या शेजारी बसलेल्या असतात.